पहिला नग

अहो,

पत्राच्या आरंभी ‘प्रिय’ लिहितात हे मला ठाऊक आहे. पण बावीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं नाही. आता गेल्यावर म्हणायला लागले तर तुम्हीच दचकाल. तेव्हा अहोच बरं. ऐकताय ना?

सव्वाबारा वाजलेत. चार वाजता इंदूरहून ते गृहस्थ येणार आहेत, तुमचे सहा नग, म्हणजे ती शिवून ठेवलेली खेळणी, बघायला. विनू तीनला क्लासमधून येईल. त्याआधी मला माळ्यावरून सगळं उतरवायचं आहे, वरच्या कापडाची शिलाई उसवायची आहे. आणि शिलाईला हात लावण्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. दहा वर्षं ती सांगायची राहिली आहे. तुम्ही समोर होतात तेव्हा धीर झाला नाही. आता दोन वर्षं झाली तुम्ही फोटोत आहात, म्हणून आज लिहायला बसले. अक्षर वाईट येतंय, चालवून घ्या.

काल फोनवर त्या गृहस्थांनी मला एकच प्रश्न तीनदा विचारला. “माताजी, रेलगाड़ी वाला डिब्बा खुला तो नहीं है ना?” मी म्हटलं, सील है. ते म्हणाले, “देखिए, बंद है तो माल है, खुला है तो खिलौना है. मैं खिलौना देखने नहीं आऊँगा.” गाडी असेल तर बाकीचे पाचही घेईन, गाडी नसेल तर एकही नाही, असंही म्हणाले. मी ‘हाँ भैया’ म्हणून फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले.

ती गाडी उघडलेली आहे. मीच उघडली होती.

झालं, लिहून टाकलं. आता रागवा.

विनूची बारावी झाली. इंदूरला इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. तुम्ही म्हणायचात ना, पुढचा सिंहस्थ येईल तेव्हा विनू कॉलेजच्या दारात उभी असेल? उभी आहे. घाटांना रंग लागतोय, रस्ते सगळे खोदून ठेवलेत, तुमचं रेल्वेचं पार्सल ऑफिस ओसंडून वाहत असेल. तुमचा सिंहस्थ आला, आणि मी इथे घाम पुसत बसले आहे.

हे वेड तुम्हाला लागलं ते मागच्या सिंहस्थातच. कापडगिरणीतले एक निवृत्त इंजिनिअर मुंबईसाठी खोकं बुक करायला आले. आत काय? खिलौने. घोषित मूल्य किती? आकडा ऐकून तुम्ही पेन खाली ठेवलंत. तुमच्या वर्षाच्या पगारापेक्षा मोठा. ते म्हणाले, बाबूजी, चालीस साल से खोला नहीं है, इसलिए. घरी येऊन तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा चहा गार झाला तरी तुमचं सांगणं संपेना.

तेव्हा जो तो शेअरच्या मागे होता. तुमच्या समोरच्या टेबलावरच्या तिवारीजींनी बायकोच्या पाटल्या मोडून शेअर घेतले आणि महिन्याभरात त्यांची रद्दी झाली. तुम्ही म्हणालात, “कागद नको, शालू. वस्तू पाहिजे. हातात धरता आली पाहिजे.” मी म्हटलं, मग सोनं घ्या. तर म्हणे, सोनं सगळेच घेतात. खरं सांगू? तुम्हाला सगळ्यांच्या आधी काहीतरी कळलंय, याचाच आनंद जास्त होता.

त्या दिवाळीच्या बोनसमध्ये इंदूरहून गाडी आली. परदेशी माल नुकताच दुकानांत दिसायला लागला होता. डब्याच्या झाकणावर चित्र होतं: चावीचं इंजिन, चार डबे, रुळांचं वाटोळं, छोटं स्टेशन आणि मागच्या डब्यापाशी हिरवी झेंडी घेतलेला गार्ड. विनू सहा वर्षांची. तिला वाटलं, तिच्यासाठीच आणलंय. तुम्ही तिला मांडीवर घेऊन ते चित्र दाखवलंत. “हे गार्डबाबू. यांनी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, समजली?” तिने गार्डबाबूंवर बोट ठेवलं. आणि मग तुम्ही मला हाक मारलीत, शालू, दाभण दे.

तुम्ही तो डबा मांजरपाटात शिवलात. चारी बाजूंनी, पार्सल ऑफिसात शिवतात तसा. गाठीवर लाख ओतून पटनी बाजारातून करून आणलेला ‘श्री’चा पितळी शिक्का दाबलात. खाली लिहिलंत, ‘नग एक. सील सही.’ म्हणजे सील शाबूत. पुढच्या दोन वर्षांत आणखी पाच खेळणी अशीच शिवून माळ्यावर गेली. हसावं की रडावं कळेना. तुरीच्या डाळीच्या डब्यावरही ‘नग एक, तूर’ लिहिणारा माणूस तुम्ही. तुम्हाला कोण काय म्हणणार? पोरगी बघत होती. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. तिला वाटलं असेल, शिवून झालं की देतील.

“कुलूप नाही लावत?” मी विचारलं होतं.

“कुलूप चोरासाठी असतं. सील घरच्यांसाठी.”

हे वाक्य मला पुढे फार बोचलं, अहो.

दोन वर्षांनी वैशाखात विनू फ्रीगंजच्या पुलाच्या उतारावर सायकलवरून पडली. उजवा पाय, मांडीपर्यंत प्लास्टर, पंचेचाळीस दिवस. दुपारी घर असं तापायचं की कूलरसुद्धा गरम वारा फेकायचा. प्लास्टरच्या आत खाज सुटायची, तिथे बोट पोचायचं नाही, आणि पोर पट्टी मागून घेऊन आत घालायची. मैत्रिणी आजोळी गेलेल्या. चित्रं रंगवून झाली, पत्ते झाले, सागरगोटे झाले. आठ दिवसांनी म्हणाली, “आई, गार्डबाबू आत अंधारात असतील ना?”

मी तुम्हाला विचारलं नव्हतं असं म्हणू नका. विचारलं होतं.

“तिला गाडी दाखवू या का? नुसती दाखवायला.”

“दिमाग फिरलाय का तुझा? एकदा कंपनीची प्लास्टिकची पन्नी फाटली की खेळ खतम.”

“ती रडून राहिलीय.”

“तिचंच आहे ते. तिच्यासाठीच बंद आहे. आज रडेल, दहा वर्षांनी हसेल.”

“दहा वर्षांनी ती आगगाडीशी खेळणार आहे का?”

तुम्ही जेवणाचा डबा उचलून ड्यूटीवर गेलात. अडचणीचा प्रश्न आला की तुम्ही डबा उचलायचात.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, तुमची पाठ वळल्यावर, मी दाराला कडी लावली आणि माळ्यावर चढले. लाख सुरीने खरवडली. तुमचा टाका मी एकेक करून उसवला, दोरा जपून ठेवला. मी ब्लाउज शिवणारी बाई, कापडाला पडलेली भोकं मला परत सापडणार हे माहीत होतं. पन्नीवर मात्र ब्लेड चालवताना डोळे मिटले.

चावी फिरवली की कसा आवाज यायचा सांगू? सुपारी कातरल्यासारखा. विनूच्या खाटेखाली फरशीवर रूळ मांडायचे, तिने वरून वाकून झेंडी दाखवल्यासारखा हात हलवायचा, मग मी गाडी सोडायची. अकरा दुपारी. त्या अकरा दुपारी पोरीने प्लास्टरमध्ये एकदाही पट्टी घातली नाही. तुम्ही पाहायला हवी होती तिला. तुम्हीच नव्हतात.

आणि रोज खेळ सुरू करण्याआधी मी काय करायची? तिला शपथ घालायची. बाबांना सांगायचं नाही. माझी शपथ. आठ वर्षांची मुलगी मान हलवायची.

बाराव्या दुपारी तुम्ही अडीचला आलात. पार्सलची गाडी उशिरा येणार होती म्हणून जेवायला घरी आलात, आधी कधी आला नव्हतात. कडी वाजली. “शालू.” रूळ गोळा करून खाटेखालच्या पेटीमागे ढकलले, डबे उशीखाली, इंजिन विनूच्या पांघरुणात. दार उघडलं.

“दुपारची कडी कशाला?”

“डोळा लागला होता.”

तुम्ही पाणी प्यायलात आणि सरळ जाऊन विनूच्या खाटेवर बसलात. चावी अर्धीच उतरली होती. पांघरुणात इंजिनाची चाकं फिरायला लागली. कर्रर्र. विनूने एकदम खोकायला सुरुवात केली. मी आयुष्यात कुणाला इतकं मन लावून खोकताना पाहिलं नाही. इंजिन थांबेपर्यंत ती खोकत राहिली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालात, “हा खोकला कधीपासून?” आणि संध्याकाळी खोकल्याचं औषध घेऊन आलात. पोरीने ते कडू औषध चार दिवस तोंड न वाकडं करता घेतलं. मी समोर उभी राहून चमच्याने पाजलं. कुठली आई असं करते?

त्या धांदलीत गार्डबाबू हरवले. खाट हलवली, पेटी हलवली, केरसुणीने कोपरे काढले. विनूला विचारलं तर तिने नुसती मान हलवली. मला वाटलं, मोरीत गेला.

आता सगळं बंद करायचं होतं. पण तुमचा पितळी शिक्का किल्ल्यांच्या जुडग्यात, आणि जुडगा तुमच्या खिशात. तो फक्त रविवारी सकाळी सुटायचा, तुम्ही अंगाला तेल लावून अंघोळीला जायचात तेव्हा. त्या रविवारी तुम्ही मोरीत स्तोत्र म्हणत होतात आणि मी स्वयंपाकघरात लाख वितळवत होते. टाके आदल्या दिवशीच घालून ठेवले होते, भोकाला भोक लावून. स्तोत्र कुठवर आलंय हे ऐकत मी लाख ओतली. लाखेचा वास घरभर पसरला. काय करू? लाल मिरच्या खुडून तेलात टाकल्या. शिक्का दाबला, पुसला, जुडगा खुंटीवर लावला आणि तुम्ही शिंकत बाहेर आलात.

“आज काय, ठेचा?”

“हो.”

तुम्ही टॉवेलने कान पुसत म्हणालात, “पार्सल ऑफिस नाकातून जात नाही, रविवारीसुद्धा. लाखेचा वास येऊन राहिलाय.” मी म्हटलं, भास असेल. तुम्ही म्हणालात, असेल.

मग प्लास्टर काढायचा दिवस. तुम्ही रजा घेतली होतीत. दवाखान्यात ड्रेसरने मोठ्या कात्रीने प्लास्टर उभं कापलं, दोन्ही हातांनी फाकवलं, आणि आतून काहीतरी फरशीवर पडलं. टक् आवाज झाला. मी बघितलं, गार्डबाबू. त्या दुपारी पोरीने त्यांना प्लास्टरमध्ये लपवलं होतं आणि इतके दिवस ते बोचत असताना तोंडातून ब्र काढला नव्हता. तिच्या पिंढरीवर झेंडीचा वळ उमटला होता.

“ये क्या गिरा?” ड्रेसर म्हणाला. मी त्यावर पाय ठेवला. विनू माझ्याकडे बघत होती. तुम्ही खिडकीपाशी एक्स-रे उजेडात धरून उभे होतात, पाठमोरे. “चला, हाड जुळलं,” म्हणालात. मी चपलेचा पट्टा बसवायच्या निमित्ताने वाकले आणि गार्डबाबूंना पदरात घेतलं.

घरी आल्यावर परत ठेवणार कुठे? सील झालेलं. मी त्यांना माझ्या कुंकवाच्या करंड्यात तळाशी टाकलं. तिथे तुम्ही कधी बोट घालणार नव्हतात.

दसऱ्याला तुम्ही म्हणालात, पावसाची ओल लागते, नगांना वरून आणखी एक कापड शिवतो. आणि माझी भैरूगढच्या छापाची चादर घेतलीत. नवी चादर, अहो. माझ्या माहेरहून आलेली. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मीच ती कापायला कात्री आणून दिली. तुम्ही पहिला नग मांडीवर घेतलात, टाक्यांवरून अंगठा फिरवलात, उलटा केलात, खाली काहीतरी लिहिलंत. मी दारात श्रीखंडाचं भांडं घेऊन उभी होते. मला वाटलं, तारीख घालताय. मग म्हणालात, “शालू, सुई ओवून दे.” ती सुई मला चार वेळा ओवावी लागली.

त्यानंतर प्रत्येक लक्ष्मीपूजनाला तुम्ही नग खाली काढायचात, हळदकुंकू वाहायचात आणि ऑफिसच्या आवाजात मोठ्यांदा म्हणायचात, “नग दो, सील सही.” मग “नग तीन, सील सही.” सहापर्यंत. आणि मी समईकडे बघत राहायची. आठ दिवाळ्या.

पण माझी खरी चूक गाडी नाही. गाडी उघडल्याचं मला आजही वाईट वाटत नाही, रागवायचं तर रागवा. चूक ती शपथ. त्या उन्हाळ्यापासून विनू तुमच्याशी काहीही बोलण्याआधी माझ्याकडे बघायला लागली. शाळेतलं सांगताना, पैसे मागताना, ताप आहे म्हणतानासुद्धा. आधी माझ्याकडे, मग तुमच्याकडे. तुम्ही म्हणायचात, मुलगी मोठी झाली, आईची झाली. तशी नव्हती झाली. मी केली होती. तुम्ही गेलात त्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, “बाबांना सांगायचं राहिलं, आई.” काय ते मी विचारलं नाही. आम्हाला दोघींना ठाऊक होतं.

दवाखान्यात शेवटच्या सकाळी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, “सिंहस्थ आला की पहिला नग तू स्वतः उघड. दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नको.” मी हो म्हटलं. मला वाटलं, महागाची चीज, म्हणून बजावताय.

तर हे असं आहे. आज त्या माणसाला काय सांगू? पन्नी मी तेव्हा इतकी बारीक चिकटवली होती की चष्मा लावूनही दिसायची नाही. गप्प बसले तर कदाचित खपून जाईल, विनूची फी होईल. बोलले तर तो परत जाईल. सकाळपासून माझा गप्प बसायचा बेत आहे. तुमच्यापासून लपवलं, तर त्या परक्यापासून लपवायला काय होतं?

उठते आता. दीड वाजला. कात्री घेते.

• • •

पावणेतीन.

मी तासभर जमिनीवर बसून होते, अहो. पाय आखडलेत. तुम्ही काय माणूस होतात?

भैरूगढची चादर उसवली. आतला मांजरपाट पिवळा पडलाय. लाख तशीच, ‘श्री’ थोडं तिरकं, माझंच. नग उलटा केला. तुमचं अक्षर: ‘नग एक. सील सही.’ त्यातलं ‘सील सही’ एका रेघेने खोडलेलं. ऑफिसात खोडता तसं, खालचं वाचता यावं असं. आणि त्याच्या खाली:

‘गार्ड एक, कम पाया गया. दावा नहीं.’

खाली तुमची सही. त्या दसऱ्याची तारीख.

माल कमी भरला तरी भरपाई मागत नाही, असं पार्सल ऑफिसात लिहून देतात तसं. मी ते तीनदा वाचलं. टाके ओळखलेत, वास ओळखलात, ते मी समजू शकते. तुमची नजर तीच होती, त्याचाच पगार घेत होतात. पण गार्ड? आतून काय गेलंय हे बाहेरून कसं कळणार? म्हणजे खिडकीपाशी तुम्ही पाठमोरे नव्हतातच. एक्स-रेच्या काळ्या चकचकीत फिल्ममध्ये, आरशात दिसावं तसं, तुम्हाला सगळं दिसत होतं. माझा पाय, तिचा चेहरा, सगळं. आणि तुम्ही म्हणालात, चला, हाड जुळलं.

कुठल्या अधिकाराने गप्प बसलात हो?

आठ दिवाळ्या मी समईकडे बघत उभी राहिले. आठ दिवाळ्या तुम्ही माझ्यासमोर नग दोपासूनच ‘सील सही’ म्हणत राहिलात, कारण तुम्हाला ठाऊक होतं की पहिल्यावरचं तुम्ही स्वतःच खोडलंय. मला माफ करत होतात की चिडवत होतात? मला ते आजही ठरवता येत नाही. तुम्ही समोर असतात तर भांडले असते. इतकं भांडले असते की तिवारीजींना स्टेशनात ऐकू गेलं असतं.

आणि विनू? ती माझ्याकडे बघायची ते तुम्ही बघत होतात. एकदा, एकाच संध्याकाळी, तिला जवळ घेऊन म्हणायचं होतं, गार्डबाबू कसे आहेत गं? एवढ्याने सगळं मिटलं असतं. सुटलो असतो तिघंही. मला वाचवायला गप्प राहिलात, हे कळतंय मला. तुम्ही विचारलं असतंत तर तिची शपथ मोडली असती आणि मी तिच्यासमोर खोटी ठरले असते. ते तुम्हाला नको होतं. पण त्यापायी मुलगी आठ वर्षं दुरून बघत राहिली, त्याचं काय?

तुम्ही लिहिलंत दावा नाही. माझा आहे. वर आलात, म्हणजे मी वर आले, की पहिला तोच मांडणार आहे. तयार राहा.

रडले मी, ते लपवत नाही. बऱ्याच दिवसांनी रडले.

मग करंडा काढला. कुंकू मी आता लावत नाही, पण करंडा टाकला नव्हता. तळात बोट घातलं. गार्डबाबू लालेलाल झालेत, झेंडीसकट. पदराने पुसले, जात नाही. राहू दे तसंच.

तीनला पाच कमी आहेत. फाटक वाजेल आता. मी काय करणार ते सांगते आणि हे पत्र संपवते.

विनू आली की तिला आधी हे कापड दाखवीन. तिला हिंदी माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं, तीच वाचेल. मग दोघी मिळून रूळ मांडू, बाहेरच्या खोलीत, भर मध्ये. ती झेंडी दाखवेल. चावी लागते की नाही देव जाणे, नाही लागली तर हाताने ढकलू. चार वाजता ते गृहस्थ येतील तेव्हा गाडी फरशीवर असेल. त्यांना मी दारातच सांगीन, भैया, ये वाला खिलौना है. बाकीचे पाच बंद आहेत, घ्यायचे तर घ्या, नाहीतर चहा घेऊन जा. फीचं मी बघेन. शिलाई वाढवीन, बँकेत जाईन, तिवारीजींना विचारीन; काही ना काही होईल. पण विनूच्या कॉलेजचा पहिला पैसा खोट्या सिलाचा नसेल, हे तुम्हाला माझं वचन.

आणि आज दाराला कडी लावणार नाही. तुम्ही अडीचला आलात काय, तीनला आलात काय.

फाटक वाजलं.

तुमचीच,
शालू